सांजप्रार्थनेतली गाडी

सेऊला : घरून आणलंस ते गवती चहाचं पाणी राहू दे गं. त्यात चहा नाही, दूध नाही, आणि साखर तर तू मोजून घालतेस. आधी बस. पंच जमायला लागलेत. मी जाऊन सांगू काय त्यांना?

व्हर्ना : चूक झाली म्हणून सांगा. मेरिलच्या वतीनं मी माफी मागते.

सेऊला : चूक म्हणजे कोणाच्या केळीला धक्का लागला, की पोराचा चेंडू फुटला. शनिवारी सांजेची घंटा झाली, अख्खं गाव गुडघे टेकून बसलं. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरत नाही. आणि तुझा म्हातारा मिशनची गाडी काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत भोंगा वाजवत गेला! पाद्रीबाबांची प्रार्थना अर्ध्यात राहिली. सामोआत आज आलात का तुम्ही?

व्हर्ना : फिलेमोनीला फार लागलंय का हो?

सेऊला : गुडघा फुटलाय. पहाऱ्याला उभा होता, गाडी अडवायला गेला आणि उडी मारली ती थेट नाल्यात. त्याचं काही नाही. घरजावई आहे माझा. गुडघा धड होता तेव्हा तरी कुठं उभा राहत होता? पण पंचांना गुडघ्याशी घेणंदेणं नाही. ते म्हणतात, हा पालांगी, हा गोरा, आम्हाला देव शिकवायला आला आणि आमच्याच देवाच्या वेळेवर यानं गाडी घातली. मुद्दाम केलं असेल, तर तुम्ही दोघांनी गाव सोडायचं. आणि तुम्हाला जागा दिली म्हणून दंड माझ्या घराला.

व्हर्ना : मुद्दाम नव्हतं, सेऊलाबाई. मेरिलला तुमच्या प्रार्थनेबद्दल फार आदर आहे.

सेऊला : मग काय होतं ते?

व्हर्ना : घाईत होता.

सेऊला : कसल्या घाईत?

व्हर्ना : काम होतं थोडं.

सेऊला : व्हर्ना, इकडे बघ. आमच्या घरांना भिंती नाहीत. नुसते खांब. कोण जेवलं, कोण रुसलं, कोणाची सून रडली, सगळं रस्त्यावरून दिसतं. तुमच्या घराला भिंती आहेत, म्हणून तुला वाटलं झाकलं गेलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

व्हर्ना : मला कळलं नाही तुम्ही काय म्हणताय.

सेऊला : कळलंय. नीरफणसाच्या मागच्या बहरापासून मी बघतेय. कोणी अंगणात आलं की तू स्वयंपाकघरातून ओरडतेस, 'अगं बाई, टालोसाना आला वाटतं!' 'मेरिल, बघ, फेताऊ आलीय!' त्याआधी कधी ओरडत नव्हतीस.

व्हर्ना : स्वागत करायचं म्हणून...

सेऊला : आणि तुमच्या मिशनची ती सायकलवाली तरुण पोरं येतात, तेव्हा नाही ओरडत. त्यांच्या छातीवर नावाची पाटी असते. तुझा म्हातारा आधी छातीकडे बघतो, मग तोंडाकडे. आमच्या छातीवर कुठं काही लिहिलंय?

(व्हर्ना रडू लागते.)

सेऊला : रड. पण लवकर रड, पंच खोळंबलेत.

व्हर्ना : सायकली अजून व्यवस्थित दुरुस्त करतो हो तो. साखळी, ब्रेक, सगळं. पोरांच्या खोल्यांवर जाऊन नळ बसवून येतो. मी बरोबर असते. रविवारी मी पेटी वाजवते तेव्हा पानं उलटायला उभा राहतो, एकदाही चुकत नाही. गाडीची चावी मी पिठाच्या डब्यात ठेवते. शनिवारी वाद्य शिकायला येणाऱ्या मुलींसाठी केळ्याचा केक करायला घेतला, डबा उघडला आणि चावी ओट्यावर राहून गेली.

सेऊला : आणि भोंगा कशाला?

व्हर्ना : आमच्या गावी आग लागली की लोखंडावर लोखंड बडवायचे. मेरिल वीस वर्षांचा असल्यापासून आग विझवणाऱ्यांत होता. हातातला घास टाकून पळायचा. इथं सांजेच्या घंटेला तुम्ही ती गॅसची रिकामी टाकी बडवता ना, झाडाला टांगलेली? तिचा आवाज अगदी तसा. त्यात चुलींचा धूर. मी केळी कुस्करत होते, मागून गाडी सुरू झाल्याचं ऐकलं. लोकांना बाहेर काढायला निघाला होता तो. तुम्हाला सगळ्यांना वाचवायला.

सेऊला : अरे देवा.

व्हर्ना : हे पंचांना सांगू नका.

सेऊला : वेडी आहेस का तू? हे सांगितलं तर दंड नाही, गाव सोडणं नाही. डोकं थकलेल्या माणसावर इथं कोणी रागावत नाही.

व्हर्ना : पंचांना कळलं की आपियाला मिशनच्या कचेरीत कळणार. मग परतीचं तिकीट. तिथं मुलगा वाट बघतोय, म्हाताऱ्यांच्या एका घरात त्यानं खोलीसुद्धा बघून ठेवलीय. त्या घराचं दार बाहेरून बंद करतात, सेऊलाबाई. इथं मेरिल दारात उभा राहिला तरी दहा जण हात करून जातात. तो रोज रात्री म्हणतो, देवा, घेतलेलं काम पुरं करू दे. मुद्दाम केलं असं म्हणा हवं तर. आम्ही गाव सोडू, दुसऱ्या गावात राहू.

सेऊला : म्हणजे गाव त्याला उद्धट म्हणेल ते चालेल, पण आजारी म्हटलेलं नको?

व्हर्ना : हो.

सेऊला : आणि दुसऱ्या गावात घंटा नाही वाटतं? बरं, ऐक. मीही पंच आहे. नवरा गेल्यावर त्याची कुळप्रमुखाची पदवी माझ्याकडे आली. मी जाऊन सांगते की माझ्या छातीत कळ आली, मीच त्याला परिचारिकेला आणायला पिटाळलं. माझ्या तोंडावर मला खोटी म्हणणारा या गावात अजून जन्मला नाही.

व्हर्ना : नको. आमच्यासाठी खोटं नको. मला ते चालणार नाही.

सेऊला : अहाहा! आणि तू एवढे महिने करतेस ते काय, भजन?

व्हर्ना : ते... मी फक्त झाकत होते.

सेऊला : माझं खोटं एका सकाळचं आहे, बाई. तुझं रोजचं आहे. कोणतं मोठं ते तूच सांग.

(मेरिल अनवाणी, ग्रीसनं माखलेल्या हातांनी खांबाशी येऊन उभा आहे. तो कधीपासून तिथं आहे ते सेऊलाला कळलेलं नाही, आणि असं तिचं कधी होत नाही.)

मेरिल : बाई, तुमच्या छातीत दुखत नाही. तुम्ही सकाळी नारळ फोडत होतात.

व्हर्ना : मेरिल! सायकल झाली का रे? चल, आपण घरी—

मेरिल : सायकल झाली. व्हर्ना, मी ऐकलं. या घराला भिंती नाहीत ना.

व्हर्ना : आम्ही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होतो.

मेरिल : तू नावं ओरडतेस ती माझ्यासाठी, हे मला माहीत आहे. तुला बरं वाटतं म्हणून मी काही बोलत नव्हतो. आग नव्हती, हेसुद्धा मला नंतर कळलं. गाडी थांबवल्यावर. सगळे गुडघ्यावर होते आणि माझ्याकडे बघत होते.

सेऊला : काय म्हणतोस मग? पंचांना काय सांगू?

मेरिल : आहे तसं सांगा. नाही, मीच येतो.

व्हर्ना : मेरिल, ते आपल्याला परत पाठवतील! तुला कळतंय का, कुठं?

मेरिल : कळतंय. आत्ता कळतंय, म्हणून आत्ताच जाऊ दे. एक माणूस नाल्यात पडला. पुढच्या वेळी शाळेतून येणारं पोर असेल, व्हर्ना. मग मी काय काम पुरं केलं?

व्हर्ना : आणि मी? त्या बंद दारापाशी तुला सोडून मी रोज एकटी घरी येऊ?

मेरिल : ते मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही.

सेऊला : पुरे. व्हर्ना, डोळे पूस. तुझ्या मुलाशी मी बोलते, फोन लावून दे मला. माझं बोलणं त्याला कळलं नाही तरी आवाज कळेल. आधी चावी आण इकडे. पिठाच्या डब्यात नको, माझ्या कंबरेला राहील. आणि तू, हात धू. विजारीवर ही लुंगी गुंडाळ, पंचांपुढे तशी विजार चालत नाही. तिथं पाय पसरायचे नाहीत. आधी मी बोलेन, मग तू.

मेरिल : बाई, एक अडचण आहे.

सेऊला : आता आणखी काय?

मेरिल : नाल्यात पडला त्याची मला माफी मागायचीय. पंचांची नंतर, त्याची आधी. पण तिथं खूप माणसं असतील, आणि मला... तो कोणता, हे ओळखता येणार नाही.

व्हर्ना : मी येते ना बरोबर. मी नाव—

सेऊला : तू नाव घ्यायचं नाहीस. गावासमोर तर नाहीच. मेरिल, तू माझ्या शेजारी बस आणि माझ्याकडे बघत राहा. मी ज्याच्यापुढे मान खाली घालीन, तो माझा जावई.