एकशे चौदा पानं

सून : एकशे चौदा.

सासूबाई : काय?

सून : तुमच्या लिंबाची पानं. तुमच्या घरून आणून बाल्कनीतल्या या पिंपात लावलं तेव्हा दोनशे सहा होती. नऊ दिवसांत ब्याण्णव गेली.

सासूबाई : गळली असतील. मी म्हटलंच होतं, याला इथली हवा मानवायची नाही.

सून : मातीत एकही पडलेलं नाही, आई.

सासूबाई : मी झाडून घेते.

सून : पहाटे पाचला?

सासूबाई : तेही मोजतेस? चहातली साखर मोजतेस, माझी झोप मोजतेस. तिकडे मला कुणी मोजत नव्हतं.

सून : बोटं दाखवा.

सासूबाई : कशाला?

सून : लिंबाला काटे असतात. दाखवा तर. दोन्ही हातांवर मिळून सात ओरखडे.

सासूबाई : ठरलं होतं ना आपलं? महिन्याभरात याला नवा कोंब फुटला नाही, तर मी माझ्या घरी परत.

सून : म्हणून मारायला निघालात?

सासूबाई : मारत नव्हते गं. नुसती पानं. मुळाला हात घालवेना.

सून : आई, झाड हलवताना मुळं तुटतात. उरलेल्या मुळांना एवढ्या पानांना पाणी पुरवणं झेपत नाही. म्हणून लावतानाच निम्मी पानं काढायची असतात. मी कात्री आणली, तुम्ही हिसकावून घेतलीत.

सासूबाई : म्हणजे?

सून : म्हणजे नऊ दिवस तुम्ही त्याला वाचवताय. अजून अकरा काढली की बरोबर निम्मी.

सासूबाई : हे आत्ता सांगतेयस मला!

सून : ओढू नका, साल निघते. ही घ्या कात्री.

सासूबाई : तुझ्या नवऱ्याला यातलं अक्षर सांगू नकोस.

सून : घरात झाड आलंय, हेच त्याला अजून दिसलेलं नाही.

(महिना भरला त्या सकाळी, त्याच बाल्कनीत.)

सून : बॅग भरलीत?

सासूबाई : भरून दाराशी ठेवलीय. मोज आता.

सून : तुम्ही मोजा. नाहीतर म्हणाल, सुनेनं वाढवून सांगितलं.

सासूबाई : आणि मी कमी करून सांगितलं तर?

सून : सांगा.

सासूबाई : शिवणाची टेप दे. चष्मा कुठे ठेवलास? हं. नवे कोंब चौदा.

सून : सगळ्यात लांब कितीचा?

सासूबाई : थांब, वाऱ्यानं हलतोय. दोन सेंटिमीटर. आणि वर एक रेघ.