नऊ नाही, दहा हवेत

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील सर्जनसाहेब, आज निवृत्त होणाऱ्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर, आणि ड्युटी संपवून आलेल्या व ड्युटी चुकवून आलेल्या मंडळींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं; पाच म्हणजे पाच. समोरच्या घड्याळात सहाला पाच कमी आहेत. आज माझे पाय जमिनीवर नाहीत, हे आधीच कबूल करते. पहिल्या रांगेत माझी मुलगी बसली आहे आणि तिच्या मांडीवर तीन आठवड्यांची माझी नात. ती रडली तर कुणीही शुक शुक करायचं नाही. इथे तिचा मान अध्यक्षांच्याही वर.

एकोणीस वर्षांपूर्वी याच दवाखान्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. जखम भरली, पण दुखणं हटेना. सात महिने! डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे. नणंद म्हणाली, "वहिनी, कामात मन रमवा." कामात? मला सांगते? माझी दहा वर्षांची मुलगी स्वयंपाक शिकली. मी न्हाणीघरात गेले की दाराशी उभी राहून विचारायची, "आई, आहेस ना?" आज ती स्वतः आई झाली, तरी फोनवर पहिला प्रश्न तोच.

मग पुन्हा पोट उघडलं आणि आतून निघाला हातरुमालाएवढा गॉजचा तुकडा, पहिल्या ऑपरेशनात राहिलेला. मला काय वाटलं असेल? आनंद! म्हणजे मी वेडी नव्हते! शुद्धीवर येताच मी आधी नणंदेला बोलावून घेतलं.

त्या संध्याकाळी सगळा दवाखाना मूग गिळून बसला होता. एक सिस्टर तेवढी, आज निवृत्त होणाऱ्या याच, माझ्या पलंगाशी आली. "बाई, शिवण्याआधी गॉजचे तुकडे मोजायचं काम माझं होतं. घाई होती. न मोजताच फळ्यावर 'पूर्ण' लिहिलं. माफ कराल?"

"नाही," मी म्हटलं. "आधी मोजायला शिका. पहिलीतली पोरं मोजतात तसं. मोठ्याने, बोट लावून, शेजारणीला साक्षी ठेवून."

तेव्हापासून त्या तशाच मोजतात. थिएटरमध्ये त्यांना 'पाढेवाली' म्हणतात ना? साहेब खाली मान घालून हसताहेत, म्हणजे नाव कुणी ठेवलं तेही कळलं.

तीन आठवड्यांपूर्वी मुलीचं सिझेरियन. बाळ बाहेर आलं, साहेब टाके घालणार, तोच आवाज आला, "नऊ. दहा हवेत."

"अहो, पुढचा पेशंट खोळंबलाय!"

"खोळंबू दे. पोट शिवायचं नाही."

बारा मिनिटं शोधाशोध. बाहेर बाकावर मी. बाळाचं रडणं ऐकू येतंय, मुलीची खबर नाही, दार उघडत नाही. बंद दाराकडे बघून मीच पुटपुटत होते, "आहेस ना?"

दहावा तुकडा सापडला कुठे? साहेबांच्या चपलेच्या तळाला! बारा मिनिटं साहेब गॉजवर उभे राहून गॉज शोधत होते! हसा, हसा, साहेबांनीच मला सांगितलं, आणि सांगताना तेही हसत होते. पण न शोधता तो चपलेखालीच आहे, हे कुणाला कळलं असतं?

काल सिस्टरांचा फोन आला. "बाई, उद्या सहाला ड्युटी संपते. आता तरी माफ केलंत का?" मी म्हटलं, उत्तर व्यासपीठावरून.

सिस्टर, एकोणीस वर्षं मी मुद्दाम माफ केलं नाही. वाटायचं, माफ केलं आणि एखाद्या दिवशी तुम्ही मोजायच्या थांबलात तर? पण चूक कबूल करणाऱ्या एकट्या तुम्ही, आणि शिक्षाही एकट्या तुम्हीच भोगलीत. हेही मला मोजता येतं. अध्यक्षसाहेब, उद्या यांच्या जागी मोजणाऱ्या मुलीला कुणी "आटप लवकर" म्हटलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. वर्ग अजून घेते मी.

मिनिटभर उरलंय. संयोजकांचे आभार, ऐकून घेणाऱ्यांचे आभार, साहेबांच्या चपलेचेही. बोलण्यात काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा. झाकलेली चूक मला चालत नाही.

सहा वाजले. सिस्टर, माफ केलं. आता हात धुऊन या आणि नातीला घ्या. बोटं मोजायची असतील तर मोजा. मी दोनदा मोजली आहेत.