रांगेतलं दुसरं डोकं

गोदावरी : तुम्ही सांगितलंत तसं डोकं आणून उभं केलंय. गुडघ्यांचा भरवसा मी देत नाही.

वेणीमाधव : हळू बोल. पुढचा माणूस ऐकतोय.

गोदावरी : ऐकू दे. त्यानं सासूला आणलंय. बघा, पर्स छातीशी धरून कशी उभी आहे, पेन्शन काढायला आल्यासारखी.

वेणीमाधव : सासू आहे ती? मला वाटलं नुसतीच उभी आहे. म्हणजे त्याला दोन मिळणार.

गोदावरी : तुम्हालाही दोनच मिळणार. एक तुमच्या डोक्याची, एक माझ्या डोक्याची. रविवारच्या रविवार माझ्या डोक्याचा एवढाच उपयोग होतो.

वेणीमाधव : अगं, दुकानदाराचा, जीवनचा नियमच आहे. माणशी एक गाडी. एक ठेवायला लागते, एक अदलाबदलीला.

गोदावरी : आणि खेळायला?

वेणीमाधव : खेळायला कोण घेतं?

गोदावरी : नाही, दुकान खेळण्यांचं आहे म्हणून विचारलं. एवढी रांग लागलीय, तीत एक लहान मूल नाही. सगळ्यात धाकटा तो टक्कल पडलेला आहे.

वेणीमाधव : मुलांना काय कळतं यातलं? मुलं पाकीट फोडतात, गाडी बाहेर काढतात.

गोदावरी : आणि?

वेणीमाधव : आणि काय, जमिनीवर फिरवतात.

गोदावरी : कठीण आहे मुलांचं.

वेणीमाधव : तू थट्टा कर. माझा सगळा जन्म नोटांच्या छापखान्यात कोऱ्या नोटा तपासण्यात गेला. हातात घ्यायची, डाग बघायचा, आणि तिथेच ठेवून हात हलवत घरी यायचं. आता निदान आवडलेली कोरी वस्तू घरी नेता येते.

गोदावरी : मी तरी काय म्हणतेय? न्या. पण घरात कुठे नेता ते सांगा. गुरुवारी माझा गुडघा बदलणार आहेत. आठवतंय ना?

वेणीमाधव : आठवतंय की.

गोदावरी : कुठला?

वेणीमाधव : उजवा.

गोदावरी : डावा.

वेणीमाधव : गुरुवार तर बरोबर आहे ना?

गोदावरी : ती फिजिओथेरपीवाली हर्षाली घर बघून गेली. मागच्या खोलीचं दार उघडलं आणि पोरगी दारातच थांबली. म्हणाली, आजी, इथे कोण राहतं? म्हटलं, गाड्या राहतात. आम्ही दोघं पुढच्या खोलीत भाड्यानं असल्यासारखे असतो.

वेणीमाधव : तिनं कशाला हात तर नाही ना लावला?

गोदावरी : तिनं टेपनं वॉकर मोजला, मग तुमच्या खोक्यांमधली वाट मोजली. म्हणाली, वॉकर आत जाईल, पण आत वळणार नाही. मी विचारलं, मग मी बाहेर कशी येऊ? तर म्हणाली, रिव्हर्समध्ये.

वेणीमाधव : हुशार आहे पोरगी.

गोदावरी : घरात एवढ्या गाड्या, एक जागची हलत नाही. आणि रिव्हर्स मी घ्यायचा.

वेणीमाधव : पुढच्या खोलीत झोप की तोवर.

गोदावरी : कमोड मागच्या खोलीला लागून आहे. रात्री तीनदा उठावं लागेल मला. तुमचा दिवाण तिकडे सरकवणार का कमोड इकडे?

वेणीमाधव : करतो म्हटलंय ना मी. हा रविवार जाऊ दे.

गोदावरी : गेला रविवारही असाच जाऊ दिला होता. त्याच्या आधीचाही. वॉकर येऊन पडलाय, त्यावर तुमचा टॉवेल वाळतोय.

वेणीमाधव : माळ्यावर टाकल्या तर पुठ्ठे वाकतात, प्लास्टिक पिवळं पडतं. जरा विचार करून ठेवायला लागतं सगळं.

गोदावरी : तनय पुण्याहून यायला निघाला होता आवरायला. त्याला तुम्ही सांगितलंत, खोली आवरून झाली म्हणून.

वेणीमाधव : त्याला कशाला उगीच सुट्टी काढायला लावायची?

गोदावरी : मीही मग त्याला काही बोलले नाही. म्हटलं, बाप खोटारडा ठरण्यापेक्षा आईनं रिव्हर्स शिकावा.

वेणीमाधव : आला, जीवन आला! सरळ उभी राहा.

गोदावरी : ते जमत नाही म्हणूनच ऑपरेशन आहे.

(शटर वर जातं. रांग पोटं आत घेऊन दोन पावलं पुढे सरकते.)

जीवन : थांबा, थांबा! ढकलाढकली नाय करायची. पायरीवर कोनी चढायचं नाय. आधी मला आत जाऊ द्या, दुकान माझं हाय.

वेणीमाधव : जीवन, खोकं आलं ना रे?

जीवन : आलं काका. राम राम तरी म्हना आधी. रात्रीपासून फोन चालू हायेत तुम्हा लोकांचे, खोकं आलं का, खोकं आलं का. बायको म्हनती, दुकान खेळण्याचं हाय का दुसरं काही विकता?

गोदावरी : तुझे डोळे का रे असे लाल?

जीवन : झोप कुठं हाय काकू? आमचा म्हातारा तिकडं लासलगावला मार्केटात कांद्याच्या लिलावाला जन्मभर ओरडला. मला तो कालवा नको होता. म्हनून इकडं येऊन खेळण्याचं दुकान टाकलं. वाटलं, लेकरं येतील, फुगा घेतील, भवरा घेतील, पोटापुरतं मिळंल, निवांत बसू. आली ही मंडळी. कांद्याचा लिलाव बरा. तिथं माल हातात घेऊन फोडून तरी बघतात. हितं पाकिटाला नख लागलं तरी भांडण.

वेणीमाधव : मागच्या वेळी खरंच कोपरा दुमडलेला होता.

जीवन : काका, तुम्ही भिंग लावून पाह्यलं होतं.

वेणीमाधव : भिंगातून दुमडलेला दिसला, म्हणजे होता.

जीवन : असू द्या. ऐका सगळे! माणशी एक. माणूस समोर दिसला पाह्यजे. मागच्या खेपेला एकानं माझ्यापुढं हेल्मेट ठेवलं, म्हने हे भावाचं. हेल्मेटला गाडी मिळनार नाय.

गोदावरी : जीवन, आत यायलाच हवं का रे? तुझ्या या तीन पायऱ्या मला चढवत नाहीत.

जीवन : अहो काकू, तुम्ही कशाला चढताय? हे घ्या स्टूल. बसा हितंच सावलीत. तुमचं डोकं मी हितूनच धरलं.

गोदावरी : बघा हो. माझं डोकं पास झालं. भिंगसुद्धा लावलं नाही त्यानं.

वेणीमाधव : बस तू. फार पसरू नकोस, आपला नंबर दुसराच आहे. काय निघालंय रे जीवन या वेळी? जीप निघणार अशी बातमी होती.

जीवन : फाडू द्या आधी. जीप नाय काका. जीपचा बाप निघालाय. लय दिवसांपास्नं लोक हिच्या मागं होते. नवीकोरी अँब्युलन्स. पांढरी, बघा, वरती निळा दिवा. मागचं दार उघडतं, आत इवलंसं स्ट्रेचर सुद्धा हाय. सरळ आतबाहेर व्हतं.

गोदावरी : दाखव इकडे. अगदी खऱ्यासारखी आहे हो.

जीवन : ह्या सासूबाईंची एक, जावयाची एक. झालं. काका, ह्या तुमच्या दोन.

वेणीमाधव : नको.

जीवन : आं?

वेणीमाधव : मला नको. मागच्याला दे.

जीवन : काका, पुठ्ठा कोरा हाय. चारी कोपरे बघा.

वेणीमाधव : पुठ्ठ्याचं काही नाही. नको म्हटलं ना.

जीवन : काकू, काकांना ऊन लागलं काय? पानी आणू का? असं करा, या दोन मी बाजूला ठेवतो. तोवर मागच्यांचं उरकतो. तुम्ही बसून घ्या जरा.

गोदावरी : ठेव बाजूला. जा तू, लोक दाराला लोंबकळताहेत. आणि तुम्ही इकडे या. या, पायरीवर बसा.

वेणीमाधव : पायरीवर धूळ आहे.

गोदावरी : बसा म्हणते ना. आता बोला. आजवर एकाही गाडीला तुम्ही नको म्हणाला नाहीत. कचऱ्याचा डंपर आणलात. मैला उपसायची गाडी आणलीत आणि देवघराशेजारी ठेवलीत. उद्या शववाहिनी निघाली असती, तरी विचारलं असतंत, पुठ्ठा कोरा आहे ना?

वेणीमाधव : काहीतरी अभद्र बोलू नकोस.

गोदावरी : बरं. मग भद्र विचारते. दवाखान्यातून मला फोन आला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, काकांनी दोनदा चौकशी केली, तारीख पुढे जाईल का, घरात काम काढलंय म्हणून. कसलं काम काढलंय हो आपण घरात?

वेणीमाधव : त्यांनी तुला कशाला सांगायचं?

गोदावरी : गुडघा माझा आहे म्हणून सांगितलं असेल. मी वाट बघत होते, तुम्ही आपण होऊन बोलाल याची.

वेणीमाधव : आपल्या खालच्या मजल्यावरच्या कमळाबाई आठवतात?

गोदावरी : त्यांचं काय मध्येच?

वेणीमाधव : त्यांची खोली तयार होती. मुलानं पलंगाखाली विटा लावून उंची वाढवली, भिंतीला धरायला दांडी बसवली. रंगसुद्धा दिला, फिका हिरवा. मला हौसेनं बोलावून दाखवली होती. वॉकर घेऊन मी स्वतः आत एक चक्कर मारली. मजेत वळत होता.

गोदावरी : मग?

वेणीमाधव : मग काय. वळवायला कोणी आलंच नाही.

गोदावरी : अहो, त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. माझा गुडघा आहे.

वेणीमाधव : वॉकर तसाच आहे.

गोदावरी : म्हणजे खोली भरलेली राहिली की मी जगणार.

वेणीमाधव : असं मी म्हटलेलं नाही.

गोदावरी : नाही, मला समजून घेऊ दे. घरात गाड्या दाटीवाटीनं उभ्या आहेत, त्यामुळे यमाचा रेडा आत शिरत नाही. पार्किंग मिळत नाही त्याला.

वेणीमाधव : तू हसण्यावारी ने सगळं.

गोदावरी : मी हसत नाहीये. हसले की कंबर दुखते.

वेणीमाधव : परवा खोक्याला हात घातला होता मी. तू देवळात गेली होतीस तेव्हा. वरचं एक खाली घेतलं आणि मागची भिंत दिसली. फिका हिरवा रंग. आपण तोच दिलाय, माझ्या ध्यानातच नव्हतं. ठेवलं परत वर.

गोदावरी : सोसायटीत सगळ्यांनी तोच दिला होता. डबे एकदम आणले म्हणून.

वेणीमाधव : माहीत आहे.

गोदावरी : माहीत आहे तरी?

वेणीमाधव : माहीत आहे तरी.

गोदावरी : भीती मलाही वाटते हो. मी कुठे काय जमवते?

वेणीमाधव : कधी बोलली नाहीस.

गोदावरी : कधी बोलणार? आठवडाभर तुम्ही फोनवर असता, कुठल्या दुकानात खोकं उतरलं म्हणून. रविवारी रांगेत बोलावं, तर पुढचा माणूस ऐकतोय.

वेणीमाधव : पुढे ढकलू या ना थोडं. दिवाळीनंतर. तोवर मी तेल लावून देत जाईन रोज.

गोदावरी : तेलानं गुडघा परत येत असता तर मी तेलात बुडून बसले असते. मला भाजीबाजारात एकटीनं जायचंय. कोणाचा हात न धरता. मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघायच्यात, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी भांडायचंय. तुम्ही आणता ती मेथी नुसती फुलांची असते. देवाला वाहावी अशी.

वेणीमाधव : मला वाटायचं, फुलं आलेली म्हणजे चांगली.

गोदावरी : दोन वर्षं तीच खातेय मी. म्हणून सांगते, मला गुरुवारी जायचंय. आणि परत आले की वळायचंय. खोली भरलेली असली तरी मी जाणारच आहे, एवढं लक्षात असू द्या. फक्त परत येताना मला अवघड करू नका.

वेणीमाधव : आणि खोली रिकामी करून मी त्या भिंतीकडे बघत बसू चार दिवस?

गोदावरी : भिंतीकडे कशाला बघायचं? दवाखान्यात येऊन बसा माझ्याजवळ. स्टूल असेल तिथेही. रविवारचे चार-चार तास इथे उभे राहता, तिथे तर बसायला मिळेल.

वेणीमाधव : रात्री थांबू देतात का?

गोदावरी : एका माणसाला थांबू देतात. विचारलंय मी.

जीवन : काका, बरं वाटतंय का? शेवटचं इचारतो. या दोन ठेवल्यात बाजूला, पण मागची मंडळी माझा शर्ट ओढायलीत. तो टकलावाला तर दुप्पट देतो म्हनतोय. तुम्हाला नको म्हंजे नकोच?

वेणीमाधव : देऊन टाक त्याला. नेहमीच्या भावात दे.

जीवन : उद्या सकाळी मला फोन करू नका मंग, म्हनून आधीच इचारलं.

वेणीमाधव : नाही करत. जीवन, ऐक. तुझ्याकडे रिकामी खोकी आहेत का?

जीवन : रिकामी? आतल्या माळ्यावर पडलीत की. रद्दीवाला नेनार हाय. किती देऊ?

वेणीमाधव : एका खोलीपुरती.

गोदावरी : सुतळीही मागा हो.