ओटा झाला की येते

...आणि वर हसतो हो! तोंडभर हसतो! तुम्हाला सांगतो, तो किरीटभाई कॉन्ट्रॅक्टर चिडला असता ना, तर मी भांडलो तरी असतो. पण माझ्याच स्वयंपाकघरात, विटांच्या ढिगाऱ्यावर उभा राहून, 'थई जशे, काका!' होऊन जाईल म्हणे! अरे काय थई जशे? कधी थई जशे?

ओटा बदलायचा होता, बास! कारेलीबागेतला आमचा फ्लॅट, कडाप्प्याचा जुना ओटा, तो काढून ग्रॅनाइटचा घालायचा. मंदाकिनी, म्हणजे आमची ही, पहिल्यापासून म्हणत होती, 'अहो, हा माणूस नको, फार गोड बोलतो.' मी म्हटलं, रिफायनरीत जन्म गेला माझा माणसं ओळखण्यात, तू बघच! पण ती बघायला थांबलीच नाही. धुळीनं तिचा दमा उठतो ना... बॅग भरली आणि निघाली गावातच, हरणीला, धाकट्या बहिणीकडे, लीलाकडे. जाताना म्हणाली, 'तुमचा माणूस, तुम्हीच सांभाळा. ओटा झाला की येते.'

तोडायला एक सकाळ पुरली. घणाचे असे दणके, की खालचे लोक भूकंप म्हणून बाहेर आले. मी खूश! म्हटलं, आठवड्यात मंदा घरी. दुसऱ्या दिवशी कोणी नाही. फोन केला, तर म्हणतो, 'काका, कमुरता बेठा ने!' कमुरता म्हणजे आपला धनुर्मास हो, संक्रांतीपर्यंत नवं काम धरायचं नाही. अरे, मग तोडलास कसा? 'तोडवामां शुं वांधो? बांधवामां वांधो! थई जशे, काका!' घ्या!

मग शेगडी गॅलरीत. चहा मीच करायचा, मीच प्यायचा आणि 'साखर जास्त झाली' असं मीच मला सुनवायचं. वाटायचं, ती नसली की टीव्ही मोठ्यानं लावीन. लावला. 'अहो, बहिरे झालात का?' म्हणून कोणी ओरडेचना. बंद केला. खोटं कशाला बोलू, मला तिची फार आठवण यायची. चष्मा शोधत घरभर फिरायचो, आणि 'डोक्यावर आहे' म्हणायला कोणी नाही!

रोज फोन करायचो. तिकडून पत्त्यांचा डाव, लीलाचं हसणं... आणि ही विचारणार, 'काय म्हणतो तुमचा माणूस?' आता काय सांगू, तुझंच खरं झालं? नाक कापून देऊ? म्हटलं, 'अगं, सोन्यासारखा माणूस! काम कसं, बघत राहावं!' त्यावर ती काय म्हणाली असेल? 'मग निवांत होऊ दे, घाई करू नका.' झालं! माझ्याच जिभेनं मी तिचा मुक्काम वाढवला!

संक्रांत आली एकदाची. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे शिळी संक्रांत हो, परत पतंगच, सगळे कारागीर गच्च्यांवर, आणि किरीटभाई फिरकी धरून मला वरून ओरडतो, 'थई जशे, काका! काप्यो छे!' माझाच पतंग कापलाय रे बाबा, हसतोस काय?

शेवटी आले. टेप काढली आणि किरीटभाई विचारतो, 'काकीनी ऊंचाई केटली?' ओटा तिच्या उंचीचा करायचा ना. आता हे मी कधी मोजलंय? म्हटलं, हे बघ, ती शेजारी उभी राहिली की तिचं डोकं इथं येतं... खांद्याशी हात धरला. आणि तसाच उभा राहिलो हो. का कोण जाणे, हात खाली घ्यावासाच वाटेना. तेवढ्यापुरती ती शेजारी उभी होती. किरीटभाई हळूच म्हणाला, 'काका, हाथ नीचे करो. माप लेवाई गयुं.' माप घेऊन कधीच झालं होतं. त्या दिवशी मात्र तो हसला नाही.

आणि झाला ओटा! खरंच झाला! मी फोन केला, फरशी पुसली, स्वतः शिरा केला... खाली लागला, पण केला! रिक्षा वाजली. धावत खाली गेलो. मंदा उतरली. मागून लीला उतरली. मागून लीलाचे यजमान, प्रतापराव, दोन सुटकेस घेऊन! मंदा म्हणते, 'अहो, किरीटभाईंनी आज सकाळीच लीलाचा ओटा तोडला! तुम्ही एवढी तारीफ केलीत, मीच नंबर दिला!'

आता दोघी बहिणी बेडरूममध्ये, मी आणि प्रतापराव हॉलमध्ये. आतून तिच्या हसण्याचा आवाज येतो, दार लोटलेलं. प्रतापराव मला म्हणाले, 'चार-सहा दिवसांचंच काम आहे म्हणे?' माझी चांगली, मऊ उशी होती ना, ती त्यांना देऊन टाकली. म्हटलं, घ्या... लांबचा मुक्काम आहे, मान अवघडायला नको.