सहाव्या प्रकरणातले ठिपके

आधी माझी चूक लिहून घ्या, जन्म अन् गाव मग सांगतो. एका बाईने वाचलेल्या पुस्तकातल्या तिच्या खुणा मी रबराने पुसल्या, अन् मग सगळ्यांसमोर तिलेच म्हटलं की तुम्ही हे पुस्तक वाचलंच नाही. एवढीच गोष्ट आहे. पण ती कबूल करायले मले दीड वर्ष लागलं, अन् त्या दीड वर्षात मले स्वतःचा जेवढा राग आला तेवढा कोणाचाच आला नाही. राग तसा मले पुष्कळांचा येते.

मी दिलीप, वय एक्कावन, कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर काम करतो. जन्म नागपूरचा. आजा बिड्या वळत होता. छप्पन साली त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, धुतलेला पांढरा सदरा घालून, माझ्या बापाले खांद्यावर बसवून. घरी येऊन देव्हाऱ्याची फळी रिकामी केली, अन् मग हळूहळू त्या फळीवर पुस्तकं आली. आजाले वाचता येत नव्हतं, तरी तो रोज पुस्तकांवरची धूळ पुसे. बाप वाचायले शिकला अन् आम्हाले सांगून गेला, पुस्तकात चढलास तर शेवटच्या पानाले उतर गा, मधात उतरू नको. मी मधात उतरलो. अन् वरून लोकाले सांगितलं की शेवटपर्यंत जाऊन आलो.

आमच्या कॉलनीच्या समाजभवनात दर रविवारी सकाळी पुस्तकाची बैठक बसते. सात माणसं. अर्थकारण, धर्म, जगाचं राजकारण, असंच वाचायचं, कादंबऱ्या आपापल्या घरी. पुस्तकाची एकच प्रत, ती सातही घरी फिरते. ज्याले जिथं अडलं त्याने तिथं पेन्सिलीने खूण करायची, अन् प्रत्येकाची खूण वेगळी. गणपतराव, म्हणजे आमचे रिटायर हेडक्लर्क, रामटेकच्या मंदिरात नेमाने जाणारे, ते बरोबरची खूण करतात, मी आडवी रेघ मारतो, कांता वहिनी ठिपका देतात. शेवटी पुस्तक ज्याच्याकडे येते त्याने ते रविवारी मांडायचं, एकेक खूण काढून उत्तर द्यायचं. उत्तर पटलं तर ज्याची खूण त्यानेच रबराने पुसायची. नाही पटलं तर राहू द्यायची. दुसऱ्याच्या खुणेले रबर लावायचं नाही, हा आमच्या बैठकीचा पहिला नियम, अन् काय सांगू तुम्हाले, तो नियम मीच केला होता.

कांता वहिनी वस्तीत चक्की चालवतात. दळण, मसाला, अन् भिवापुरी मिरचीचा हंगाम आला की दिवसभर मिरची. आठवी शिकलेल्या, गिऱ्हाईक नसलं की पाट्यावर पुस्तक उघडून बसत. त्यांच्याकडून पुस्तक आलं की पानात पीठ नाहीतर तिखट. गणपतराव शिंकत अन् म्हणत, वहिनी, पुस्तकाले फोडणी देऊन पाठवलं का. वहिनी म्हणत, तुमच्याकडून आलं त्याले तपकिरीचा वास होता, मी काही बोलली का. असे आम्ही होतो, चांगले होतो.

तर एक पुस्तक फिरत फिरत शेवटी माझ्याकडे आलं, म्हणजे मांडायची पाळी माझी. जाड होतं, दूरदेशच्या लढायांवर. लेखकाचं म्हणणं असं की लढाई धर्माच्या नावाने होते पण आत तेल असते, बंदर असते, बाजार असते. मले ते फार आवडलं. मी तीन प्रकरणं वाचली, मग शेवटचं वाचलं, अन् मधल्या प्रकरणांसाठी मोबाईलवर एका माणसाचा वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. अन् चौकात तर्री पोहे खाता खाता सांगत फिरलो, धर्म म्हणजे वरचा कपडा, आत तेल. पट्ट्यावर सांगितलं, बसमध्ये सांगितलं. टीव्हीवर जे लोक नरडं फुटेपर्यंत ओरडतात, ज्याइले नकाशात तो देश दाखवता येत नाही, त्याइचा मले इतका राग येते की मी टीव्ही बंद करतो. अन् मी कोण होतो, तर त्याइच्यातलाच एक, फक्त आवाज हळू.

शनिवारी संध्याकाळी पुस्तक उघडलं तं सहाव्या प्रकरणात ठिपकेच ठिपके. अकरा. बाकीच्यांच्या खुणा मी वाचलेल्या प्रकरणांत होत्या, अन् वहिनीचे अकरा ठिपके मी न वाचलेल्या प्रकरणात. माझ्याजवळ वेळ होता, रात्र पूर्ण होती, पंचवीस पानं होती. मी वाचू शकत होतो. मी रबर घेतलं. काहून घेतलं ते आजही मले सांगता येत नाही, म्हणजे सांगता येते पण सांगायची लाज वाटते. चक्कीवालीसमोर मले हे माहीत नाही असं म्हणायचं नव्हतं.

रविवारी मी झोकात मांडलं. सगळ्या खुणा झाल्या. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, सहावं राहिलं, माझे ठिपके आहेत तिथं. मी पुस्तक त्याइच्याकडे वळवलं, म्हटलं दाखवा. त्याइने पानं उलटली, परत उलटली. मी म्हटलं, वहिनी, होते असं, चक्कीच्या आवाजात किती पानं झाली ते कळत नसंल, सहाव्यापर्यंत पोचल्याच नसान. गणपतराव हसले, मग सगळे हसले. वहिनी माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या. त्याइले त्याच वेळी समजलं होतं, हे मले त्याइच्या तोंडावर दिसलं, अन् तरी मी पुस्तक मिटलं अन् चहा सांगितला.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याइच्याकडे असलेलं दुसरं पुस्तक गणपतरावांच्या हाती वापस आलं, कोरं, एक ठिपका नाही. गणपतराव म्हणाले, वहिनी म्हणते आता मी पीठच दळतो. अन् मग मी सहावं प्रकरण उघडलं. तेव्हा. पानांच्या मधल्या घडीत, जिथं रबर पोचत नाही, तिथं लाल तिखट बसलेलं, पंचवीसही पानांत. रबर त्याले काय करणार होतं. मी वाचता वाचता डोळ्याले हात लावला अन् नळाखाली जाऊन बसलो. बायको रेखा म्हणे, काय झालं. मी म्हटलं, पुस्तक लागलं.

प्रकरण होतं धर्म बदलणाऱ्या लोकांवर. लेखक म्हणे, तेही कशाच्या तरी फायद्यासाठीच बदलतात. ठिपके पुसले तरी दाबून दिले होते, बोटाले लागत होते. अकराही त्याच ओळींवर.

यानंतर लगेच वहिनीकडे गेलो असतो तं बरं झालं असतं. नाही गेलो. रेखा दळण आणायले जाई अन् येऊन सांगे, वहिनी विचारून राहिल्या होत्या, भाऊजी सध्या काय वाचतात. दर वेळी तेच. ती साधं सांगे, मले चटका बसे. अन् मी रेखावर चिडे, भाकरी जाड काहून झाली म्हणून. असं दीड वर्ष. भेकड माणसाचा राग कुठं निघते ते पाहा तुम्ही.

शेवटी एक दिवस दळणाचा डबा घेऊन मीच गेलो. चक्की चालू होती. मी सांगितलं, ठिपके मी पुसले. वहिनीने चक्की बंद केली नाही. म्हणाल्या, इथं काही ऐकू येत नाही भाऊजी, जिथं मले खोटी केली तिथं बोला, मी येतो रविवारी.

त्या आल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. मी तेच पुस्तक काढलं, सहावं प्रकरण उघडलं अन् सांगितलं, हे मी वाचलं नव्हतं, इथले अकरा ठिपके मी पुसले. मग गणपतराव म्हणाले, म्हणजे आम्ही उगाच हसलो होतो. वहिनी म्हणाल्या, उगाच हसले का कसे ते तुमचं तुम्ही पाहा, पण कोण कोण हसलं ते माझ्या ध्यानात आहे. मग त्याइने सवाल केला, जो तेव्हा करायचा होता. म्हणाल्या, माझा सासरा छप्पन साली पांढरं घालून दीक्षेले गेला, पायी गेला, पायीच आला, अन् आल्यावर गावाने त्याचं काम बंद केलं. लेखकाले विचारा, त्याच्या कपड्याच्या आत कोणतं तेल होतं. अन् भाऊजी, तुमच्या आजाच्या आत कोणतं होतं.

मी म्हटलं, मले माहीत नाही. हे तीन शब्द त्या शनिवारी बोललो असतो तं हे काही झालंच नसतं. मी पेन्सिल त्याइच्यापुढे ठेवली. त्याइने अकराही ठिपके परत दिले, तिथंच, एकेक, सगळ्यांसमोर, अन् पेन्सिल ठेवून मले म्हणाल्या, आता माफी कशाची मागणार, पुसल्याची का मले खोटी म्हटल्याची, नीट सांगा.

मी उभा राहिलो. म्हटलं, दोन्हीची. अन् सवाल माझ्याही घरचा होता, तो मी न वाचता पुसला, त्याचीही. कांता वहिनी, तुम्ही पूर्ण पुस्तक वाचलं होतं. मी वाचलं नव्हतं. मले माफ करा.