मत्तयाच्या जागी योहान

धोंडीराम : मी सही केली, दस्तगीरभाई.

दस्तगीर : कसली सही?

धोंडीराम : कसली म्हणजे? कसलीच नाही. मी काही बोललोच नाही. चहा घ्या, गुळाचा आहे.

रंभाबाई : आत्ता तर सही म्हणालात की.

धोंडीराम : तू आत जा.

रंभाबाई : एकच खोली हाय. आत म्हंजी कुटं जाऊ?

(खोली मिशनच्या चाळीतली. उपदेशक धोंडीराम भर दुपारी कोट घालून बसलेत आणि दारातला माणूस सोडून सगळीकडे बघतायत. दारात दस्तगीर, विजापूर वेशीतला जिल्दगर. मिशनची पुस्तकं शिवून देता देता नऊ वर्षं या घरात ऊठबस. आज पहिल्यांदाच चपला न काढता उंबऱ्यावर उभा राहिलाय.)

दस्तगीर : चाय नक्को. मुंबईहून नवे छापील कागद आलेत, स्टेशनावरचा हमाल सांगत होता. माझ्याकडे शिवायला का नाही आले, ते विचारायला आलो.

धोंडीराम : मौलवींबरोबरच्या वादाच्या सभेनंतर मिशनची कमिटी जरा विचारात आहे.

दस्तगीर : त्या सभेचं लोक बारा तऱ्हांनी सांगतात. मी नव्हतो तिथं. तुम्ही सांगा.

धोंडीराम : सभा झालीच नाही. कमिटीच्या वहीत तशी नोंद आहे. ‘हवामानामुळे रद्द.’

रंभाबाई : चांगलं ऊन पडलं व्हतं.

धोंडीराम : तेच हवामान.

दस्तगीर : मास्तर.

धोंडीराम : बरं. सुरुवात उत्तम झाली. हैदराबादेकडचे मौलवी म्हणाले, तुमची इंजील, म्हणजे आमची शुभवर्तमानं, बदललेली आहे. मी विचारलं, कधी बदलली? तुमच्या पैगंबरांच्या आधी म्हणाल, तर तुमचं कुराणच तिला खरी कसं म्हणतं? आणि नंतर म्हणाल, तर त्यांच्याही आधी हातानं लिहिलेल्या प्रती आजही शिल्लक आहेत.

दस्तगीर : हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंय. मी काय म्हणायचो?

धोंडीराम : तुम्ही म्हणायचा, हजरत ईसांना, म्हणजे येशूला, इंजील एक मिळाली, तुमच्याकडे चार माणसांच्या नावांच्या चार कशा? मौलवींनीही तेच विचारलं. मी म्हणालो, साक्षीदार चार असले म्हणून घटना चार होत नाहीत. तेव्हा टाळ्या पडल्या.

रंभाबाई : दोन.

धोंडीराम : मग ते म्हणाले, ईसांना सुळावर दिलंच नाही, तसा लोकांना भास झाला. तिथं माझा तोल गेला. मी नवा करार वर धरला. म्हटलं, यातलं एक पान इकडचं तिकडं झालेलं नाही. पाहिजे तर उघडतो.

दस्तगीर : आणि उघडलं.

धोंडीराम : मत्तयाचं शुभवर्तमान उघडलं, चारांतलं पहिलं. शिष्य पेत्र अंगणात बसलाय, येशूला धरून नेलंय. मी रंगात येऊन वाचतोय. पान उलटलं, तर पार चौथ्या, योहानाच्या शुभवर्तमानातलं काना गावचं लग्न. पाहुणे बसलेत, द्राक्षारस संपलाय, रांजणात पाणी भरा म्हणतायत.

रंभाबाई : ह्यांनी तेबी वाचलं. चार वळी वाचल्या.

धोंडीराम : एकदम थांबता येत नाही, रंभा. मौलवींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमचंही म्हणणं हेच आहे. सुळावर कोणी गेलंच नाही.

रंभाबाई : मग ह्ये म्हणाले, थांबा, सूळ फुडं हाय. आन फुडं हुडकाया लागले. लई येळ. मत्तयाचा सूळ घावला पार योहानात, लग्नाच्या जागी. तवर मान्सं घराकडं निगाली व्हती.

धोंडीराम : दुसरी प्रत उघडली, तसंच. तुम्ही शिवलेल्या चाळीसच्या चाळीस प्रतींत तिथं काना गावचं लग्न.

दस्तगीर : आता माझं ऐका. परवा मशिदीच्या दारात मला हार घातला. झेंडूचा. ‘दस्तगीरनं किताब दुरुस्त केली.’ मी म्हटलं, दुरुस्त नाही बाबांनो, चूक झाली. तर म्हणतात, हौ हौ, बाहेर असंच सांगायचं. आणि डोळा मारतात. चाळीस वर्षं धंदा केला, बापानंही केला, हार कोणी घातला नव्हता. आता तुमचं काय ते सांगा. सही कसली?

धोंडीराम : कमिटीनं एक कागद केलाय.

दस्तगीर : वाचा. मला बालबोध अक्षर वाचता येत नाही, तुम्हांला ठाऊक आहे.

धोंडीराम : ‘सदर जिल्दगर मुसलमान असून, त्याने धर्मद्वेषापायी पवित्र शास्त्राची पाने मुद्दाम फिरवली. हे उपदेशकांनी स्वतः तपासून खात्री केली आहे. सबब त्यास यापुढे काम देऊ नये.’ पुढं लहान अक्षरात तारीख वगैरे आहे.

दस्तगीर : खाली सही?

धोंडीराम : माझी.

रंभाबाई : सही करा म्हणून म्याच सांगितलं, दस्तगीरभाऊ. न्हाई केली तर नोकरी जाईल, खोली काडून घेत्यात म्हणाले. मोहोळला परत जायाचं तर आमाला कोण दारात घेतंय? बाप्तिस्मा झाला त्या दिशीच भावकीनं आमच्या नावानं आंगुळ केली.

दस्तगीर : तुमचा राग नाही, भाभी. मास्तर, मी पुस्तक कसं जुळवतो, भाभींना सांगा.

धोंडीराम : आता कशाला ते?

दस्तगीर : मग मी सांगतो. छापील कागदांच्या घड्या घातल्या की चटईवर एकेका घडीचा ढीग ओळीनं मांडतो, कागदाच्या कोपऱ्यातले आकडे बघून. आकडे मला येतात. एकदा मांडले की मग बघत नाही. वाकून चालत जायचं, प्रत्येक ढिगातली एक घडी उचलायची, शेवटाला पोचलं की पुस्तक झालं. वाचायचं काम नाही. जागा हलली नाही की झालं. घरात कुणाला चटई ओलांडू देत नाही मी. नातवाला मारलंय त्यापायी. एका माणसाला मात्र कधी अडवलं नाही.

रंभाबाई : कोन मानूस?

दस्तगीर : नऊ वर्षं रोज माझ्याकडे येऊन भांडतो, तो. या चाळीस प्रती जुळवत होतो त्या दिवशी मी ओळीच्या टोकाला होतो. मी म्हटलं, सूळ झालाच नाही. हा उठला, मधला एक ढीग उचलून नाकासमोर धरला. ‘हे काय लिहिलंय?’ मी म्हटलं, आणि पोरगा म्हणता तो? खुदाला पोरगा कसा? तर दुसऱ्या हातात दुसरा ढीग. ‘पोरगा म्हणजे देहाचा नव्हे, हे वाचा!’ दोन हातांत दोन ढीग घेऊन अर्धा तास उभा. मग दुपारच्या नमाजाची वेळ झाली, मी हात धुवायला गेलो. ढीग परत खाली मी ठेवले नाहीत.

रंभाबाई : अवो, तुमाला ठावं व्हतं?

धोंडीराम : सभेत. योहानात सूळ सापडला तेव्हा आठवलं.

रंभाबाई : म्हंजी सहीच्या आदी.

धोंडीराम : आधी.

रंभाबाई : मला वाटलं, कागदात हाय ते खरं हाय. म्हणून म्हणलं, करा.

धोंडीराम : मी काय सांगणार होतो कमिटीला? की शास्त्र बदललेलं नाही हे पटवता पटवता मीच ते बदललं?

दस्तगीर : मी मशिदीत तुमचं नाव नाही घेतलं. चूक माझी म्हणालो. तर हार पडला. तुम्ही चूक माझी म्हणालात, तर माझं काम गेलं. दोन्हीकडे गुन्हेगार मीच. इकडे शिव्या, तिकडे झेंडू.

धोंडीराम : मी काय करू सांगा. मागाल ते करतो.

दस्तगीर : सही परत घ्याल?

धोंडीराम : चहा तरी घ्या.

दस्तगीर : नक्को. उगाच विचारलं. तुम्ही अर्ज चांगला लिहिता. माझा एक लिहा, कमिटीला. चाळीस प्रती परत द्या म्हणावं. उसवतो, ढीग जागेवर आणतो, पुन्हा शिवतो. मजुरी नको. माझ्या हातचं वाकडं काम कुठं राहू नये.

रंभाबाई : पुस्तकं कुटली, भाऊ? सोमवारी पुरली की. चर्चच्या मागं, कबरस्तानात, एका वळीत. प्रार्थना म्हणायची का न्हाई, ह्यावर कमिटीत तासभर भांडान झालं. शेवटी न म्हणताच माती लोटली.

दस्तगीर : पुरली?

धोंडीराम : पुरली.

दस्तगीर : तरी लिहा.

धोंडीराम : दस्तगीरभाई, कमिटी हा अर्ज उघडणारसुद्धा नाही.

दस्तगीर : उघडायचं त्यांचं काम. तुम्ही लिहा, आणि वाचून दाखवा. या वेळी काय लिहिलंय ते मला नीट ऐकू दे.

रंभाबाई : ही घ्या दौत. कोट काडा आदी, शाई सांडंल.

धोंडीराम : ‘मेहेरबान कमिटीचे हुजुरास. अर्जदार दस्तगीर, राहणार विजापूर वेस, सोलापूर, धंदा जिल्दगर, याचा विनंती अर्ज ऐसा जे, नव्या कराराच्या चाळीस प्रती उकरून अर्जदाराच्या ताब्यात द्याव्यात. अर्जदार त्या विनामोबदला उसवून, मत्तय मत्तयाच्या जागी व योहान योहानाच्या जागी लावून, पुन्हा शिवून देईल.’ झालं?

दस्तगीर : अजून एक कलम घाला.

धोंडीराम : सांगा.

दस्तगीर : तुमच्या भाषेत लिहा, मी माझ्या भाषेत सांगतो. काम चालू असेल तोवर मास्तरनं येऊन बसावं.

धोंडीराम : ‘...तसेच, सदर काम चालू असता उपदेशक धोंडीराम यांस अर्जदाराचे दुकानी रोज बसण्याची परवानगी असावी. त्यांनी कागदांस हात लावू नये. वाद घालण्यास हरकत नाही. कळावे, ही विनंती.’