देसायांची जुनी काडतुसं

मंडळी, थोडं पुढे सरकून बसा. जागेला तोटा नाही, दिसतंच आहे. माझा गळाही आज बसलाय, तेव्हा तुम्हीच जवळ या. — आता मला सांगा, चांगली वस्तू जगातून जाते, ती कशानं? वाईट झाली म्हणून? ऐका मग.

शिकारीला बंदी नव्हती तेव्हाची गोष्ट. सावंतवाडीकडे जिवाजीराव देसाई होते. वडिलांची रायफल, डोंगराकडेला भातशेती. भात पिकलं की रानडुकरं हजर — आमंत्रण न देता, आपल्या पाहुण्यांसारखी! देसाई एक गोळी झाडायचे, डुक्कर आडवं. दुसरी लागायची नाही.

दसरा जवळ आला. डबा उघडला तर काडतुसं संपलेली. देसाई निघाले बेळगावला, फिदाअली शेठच्या बंदुकीच्या दुकानात.

"शेठ, आमची काडतुसं द्या."

"देसाईसाहेब, कंपनी ती आता काढत नाही."

"का? खोट काय होती त्यांत?"

"खोट काही नाही. नव्या रायफलीच्या काडतुसाचा खांद्याला धक्का कमी बसतो, गोळी लांबवर सरळ जाते, कुठंही मिळतं. लोक तेच नेतात."

"लोकांना कळतंय काय!"

शेठही माझ्यासारखाच दमलेला माणूस. म्हणाला, "साहेब, रागवू नका. गेल्या साली चिरंजीवांना रायफल घेतलीत. मी तुमच्या रायफलीसारखीच जुनी दाखवली होती. तुम्ही कोणती नेलीत?"

देसाई हळूच म्हणाले, "नवी."

"का?"

"जुन्या रायफलीची काडतुसं मिळायला त्रास पडतो, म्हणून."

"सगळे हेच म्हणाले. इथे बसून कौतुक जुन्याचं, आणि नेली नवी. मग मी मागवू कोणासाठी?"

देसाई रिकाम्या हातानं घरी आले. दसऱ्याला रायफल पुसून पाटावर ठेवली, झेंडू वाहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे शेतात डुकरं शिरली. देसाई सवयीनं उठून बसले, पण मुलगा आधीच गेला होता. गोळी वाजली. देसाई दुसरीची वाट बघत राहिले.

दुसरी लागलीच नाही.

भात वाचलं. बाप मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. नवं चांगलं निघालं याचं दुःख नव्हतं. जुनं आपणच सोडलं आणि दोष लोकांना दिला, हे त्याला सलत होतं.

मघाशी हार घालताना अध्यक्ष म्हणाले, "बुवा, कीर्तनाची सर कशालाच नाही." बरं वाटलं. पण येताना मी बाहेरचा फलक वाचला — उद्या ऑर्केस्ट्रा. हसू नका. तुमची नातवंडं आज कुठे आहेत? घरी ना? उद्या मात्र त्यांना घेऊन याल, पुढची जागा धरून बसाल. आणि कधीतरी बुवा थांबले असं ऐकलंत की म्हणाल, फार छान सांगायचे हो.

वाजवा टाळ.